या डोंगराचा सातबारा कोणाच्या नावावर?

मागच्या पौषातली गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची सहल वेरूळ, दौलताबाद आणि खुलताबादला गेली होती. सहलीचे प्रमुखपद दरवर्षी मराठीच्या प्राध्यापकाच्याच गळ्यात का पडते, हे मला आजवर उमगलेले नाही. इतिहासवाल्यांना माहिती फार असते आणि मराठीवाल्यांना भूक लवकर लागते, त्यामुळे निदान जेवणाची व्यवस्था तरी नीट होते, असा आमच्या प्राचार्यांचा अनुभव असावा!

ते असो. थंडीचे दिवस, सकाळचे कोवळे ऊन, बसमध्ये गाण्यांच्या भेंड्या, आणि सौभाग्यवतींनी बांधून दिलेली तिळाची चटणी व दशम्या. सगळे कसे झकास चालले होते. बिघडले ते वेरूळला, पंधराव्या लेण्यात.

पंधरावे लेणे म्हणजे दशावतार. दुमजली आहे. वरच्या मजल्यावर शिव आणि विष्णू यांची मोठमोठी शिल्पे आहेत, अंगणातल्या मंडपावर राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याच्या काळचा शिलालेख आहे. पण या लेण्याची ठेवण बौद्ध विहारासारखी आहे, आणि मुळात ते बौद्ध लेणे म्हणून कोरायला घेतले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. मी ते सहज सांगून गेलो. माझ्या वर्गात एक हुशार, थोडा तापट मुलगा आहे. त्याच्या आजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ या दिवशी नागपूरला बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली होती. तो चटकन म्हणाला, "म्हणजे हे आमचं होतं. तुम्ही घेतलंत."

त्याचा बाकावरचा जोडीदार, आडनावाच्या शेवटी 'नीस' असलेला, तोही काही कमी नव्हता. "आणि समोरची देवगिरी कोणी घेतली, ते बोल की!"

एवढे बोलून तो गप्प झाला. पण सगळ्या वर्गाच्या नजरा नकळत एकीकडे वळल्या. तिकडे खांबाला टेकून आमच्या वर्गातली एकुलती एक मुसलमान मुलगी उभी होती. आडनाव मुलाणी, ओव्यांवर तिने लिहिलेला निबंध वर्षातला सर्वांत चांगला निबंध होता. ती काही बोलली नाही. दुपारी सगळ्यांनी झाडाखाली डबे उघडले, तेव्हा मात्र ती आमच्यात जेवायला आली नाही.

अशा वेळी मास्तर जे करतो तेच मी केले. भाषण ठोकले! समन्वय, सहिष्णुता, विविधतेतील एकता, एकाच डोंगरात तीन धर्म, वगैरे वगैरे. मुले ऐकत होती. तोपर्यंत आम्ही दौलताबादच्या किल्ल्यात पोचलो होतो. तेवढ्यात तो 'नीस' शांतपणे म्हणाला, "सर, इथल्या मशिदीचे हे खांब देवळाचे आहेत ना? ते इथं कसे आले, ते पण सांगा की."

माझे भाषण तिथेच संपले. परतीच्या प्रवासात भेंड्या झाल्या नाहीत.

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. तिन्ही मुले माझीच. तिघांचाही प्रश्न एकच होता: या डोंगराचा सातबारा कोणाच्या नावावर? आणि मी त्यांना साखर घोळलेले उत्तर देऊन मोकळा झालो होतो. पुढले सहा महिने मी जमेल तसे वाचत राहिलो. त्यातून जे हाती आले, ते आज तुमच्यापुढे मांडतो आहे. दिवाळीच्या फराळात एखादा पदार्थ तिखटही हवाच.

भिक्षूंची ठेव आणि कोष्ट्यांचे व्याज

आपल्या सह्याद्रीतली बौद्ध लेणी पाहा. कार्ले, भाजे, जुन्नर, नाशिक, कान्हेरी. ही सगळी ठिकाणे घाटवाटांच्या आणि बंदरांच्या आसपास आहेत. संसार सोडलेल्या भिक्षूंनी हमरस्ता का बरे धरावा? उत्तर लेण्यांच्या भिंतींवरच लिहिलेले आहे. दान देणाऱ्यांत राजे आहेत, तसे व्यापारी आहेत, सुतार, लोहार, गंधी आहेत, परदेशी यवनही आहेत.

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात एक लेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी लेणे दिले आणि त्यांच्या वस्त्रांची सोय करण्यासाठी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापणांची ठेव ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण. हिशेब चोख जुळतो! आपल्या बँकेतली मुदतठेव यापेक्षा निराळी काय असते? आणि याच उषवदाताने ब्राह्मणांना गाई व गावे दिल्याचेही त्याचेच लेख सांगतात. एकाला दिले म्हणून दुसऱ्याला द्यायचे नाही, असा त्याचा हट्ट नव्हता.

भाषेचा माणूस म्हणून मला मौज वाटते ती निराळ्याच गोष्टीची. त्या शिलालेखांतल्या प्राकृतात या वास्तूंना 'लेण' म्हटले आहे. दोन हजार वर्षे झाली, भिक्षू गेले, राजे गेले, पण आपण अजून 'लेणे'च म्हणतो.

बौद्ध धर्माने या प्रदेशाला काय दिले? मुख्य म्हणजे अनोळखी माणसांमधला विश्वास दिला. पैठणचा व्यापारी आणि कल्याणचा व्यापारी एका जातीचे नसतील, एका गावचे नसतील, पण दोघे एकाच संघाचे उपासक होते. वाटेवरचा विहार दोघांचाही होता. राजांनाही ते सोयीचे होते, कारण व्यापार वाढला की जकात वाढते. अजिंठ्याची पाचव्या शतकातली अप्रतिम लेणी हरिषेण या वाकाटक राजाच्या काळात कोरली गेली. त्यातले सोळावे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने संघाला दिले. वाकाटक हे वैदिक यज्ञ करणारे घराणे, हे विशेष.

आणि हा धर्म एका रात्रीत कोणी हाकलून दिला, असेही नव्हे. कान्हेरीला नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या अमदानीत, त्याचे शिलाहार मांडलिक कोकणावर राज्य करीत असताना संघाला दाने मिळत होती. ते लेख शके ७७५ आणि ७९९ चे आहेत. त्यानंतर मात्र ओघ आटत गेला.

राजा, ताम्रपट आणि देऊळ

का आटला? मला उमगले ते असे. पूर्वीच्या राज्यांचा मोठा आधार व्यापार होता. पुढच्या राज्यांचा आधार मुख्यतः जमीन झाली. जमीन लागवडीखाली आणायची तर तिथे वस्ती हवी, पंचांग हवे, हिशेब हवा, भांडणे सोडवणारा हवा. राजे ब्राह्मणांना गावे अग्रहार म्हणून देऊ लागले, देवळांना जमिनी देऊ लागले. देऊळ उभे राहिले की गुरव आला, माळी आला, दिव्याला तेल घालणारा तेली आला, नगारा वाजवणारा आला. गावगाड्याचे एक चाक देवळाच्या अंगणात फिरू लागले. त्याखेरीज ब्राह्मण राजाला आणखी एक गोष्ट देत होता, ती म्हणजे वंशावळ. कालचा सरदार आज ताम्रपटात यदुवंशी किंवा सोमवंशी म्हणून झळकू लागला. विहारापेक्षा देवळाचे पारडे जड झाले, ते असे.

वेरूळचे कैलास लेणे ही त्या बदलाची सर्वांत भव्य खूण. राष्ट्रकूट पहिला कृष्ण आठव्या शतकाच्या उत्तरार्धात राज्य करीत होता. डोंगर वरून खाली कोरत आणला आणि अखंड देऊळ उभे केले. बडोद्याला सापडलेल्या इ. स. ८१२ च्या सुमाराच्या ताम्रपटात या देवळाचे वर्णन आहे. त्यात देव तर थक्क झालेच, पण घडवणारा शिल्पीही आपल्या हातून हे झाले कसे म्हणून चकित झाला, अशा अर्थाचे कौतुक आहे. त्याच डोंगरात १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ ब्राह्मणी आणि ३० ते ३४ जैन लेणी आहेत. हो, जैन लेणीही आहेत. माझ्या भाषणात मी 'तीन धर्म' म्हणालो होतो, आणि चौथ्याने बिचाऱ्याने तक्रारही केली नाही!

पण या गावगाड्यात सगळ्यांना सारखी जागा नव्हती, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवगिरीच्या यादवांच्या काळी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराला दाने दिल्याचा 'चौऱ्यांशीचा शिलालेख' प्रसिद्ध आहे. शके ११९५ पासूनच्या देणग्यांची ती नोंद. देणगीदारांत खुद्द राजा रामचंद्रदेव आहे. त्यानंतर काही दशकांनी, १३३८ मध्ये, चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांची समाधी त्याच देवळाच्या पायरीशी झाली, दाराच्या बाहेर. ते दार त्यांच्या लेकरांना उघडले ते १९४७ मध्ये, सानेगुरुजींनी उपोषण केले तेव्हा. माझ्या त्या तापट विद्यार्थ्याच्या 'तुम्ही घेतलंत' या शब्दांत सारा इतिहास बरोबर नसेल. पण त्या सहाशे वर्षांचा राग बरोबर आहे.

याच यादवांच्या राज्यात आपली मराठी ग्रंथांची भाषा झाली. चक्रधरस्वामी काही काळ वेरूळला राहत होते. त्यांच्या आठवणींचे 'लीळाचरित्र' आणि १२९० सालची 'ज्ञानेश्वरी' ही दोन्ही राजाज्ञेने लिहिली गेलेली नाहीत. हेमाद्रीसारखा यादवांचा मंत्री 'चतुर्वर्गचिंतामणी' लिहीत होता तो संस्कृतात. राजाश्रय एका भाषेला होता, लोकाश्रय दुसऱ्या.

चिंचणीचा मुसलमान अधिकारी

इस्लाम आपल्याकडे अल्लाउद्दिनाच्या घोड्यावर बसून आला, असे आपण शाळेत शिकलो. घोड्यावरून आला हे खरे. पण त्याआधी पाचशे वर्षांच्या आत-बाहेर तो गलबतातूनही आला होता. अल-मसूदी नावाचा अरब प्रवासी इ. स. ९१६ च्या सुमारास चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. राष्ट्रकूट राजाला अरब लोक 'बल्हरा' म्हणत, म्हणजे आपला 'वल्लभराज'. त्याच्या राज्यात मशिदी आहेत आणि मुसलमानांना मान आहे, असेही तो सांगतो.

याहून नवलाची गोष्ट पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या ताम्रपटात आहे. शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६. त्या वेळी राष्ट्रकूटांच्या वतीने संजाण प्रांताचा कारभार पाहणारा अधिकारी होता एक ताजिक, म्हणजे अरब मुसलमान. ताम्रपटात त्याचे नाव 'मधुमती सुगतिप' असे आले आहे. मधुमती म्हणजे मुहम्मद! त्याने नदीवर फुकट तरी चालवली, अन्नछत्र घातले; आणि एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला जमीन देण्यास त्याने मंजुरी दिली. ही दहाव्या शतकातली, आपल्या कोकणपट्टीतली, संस्कृत ताम्रपटावर कोरलेली गोष्ट आहे.

यातून सगळे गोडीगुलाबीने राहत होते असा अर्थ मी काढणार नाही. अर्थ एवढाच की, बंदराला जकात हवी होती, राजाला अरबी घोडे हवे होते, आणि कारभाराला कारभार येणारा माणूस हवा होता. धर्म त्याच्या आड आला नाही.

खांबांचे उत्तर

आता खांबांकडे वळतो. टाळले तर तो 'नीस' मला क्षमा करणार नाही.

१२९६ मध्ये कडा प्रांताचा सुभेदार असलेला अल्लाउद्दिन अचानक देवगिरीवर चालून आला. किल्ल्यात आणलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. अपार लूट घेऊन तो परत गेला आणि चुलत्याचा खून करून दिल्लीचा सुलतान झाला. चुलताही मुसलमानच होता, हे ध्यानात ठेवावे. पुढे यादवांचे राज्य मांडलिक झाले, मग बुडाले. १३१८ मध्ये कुतुबुद्दिन मुबारक खिलजीच्या वेळी किल्ल्यात जामा मशीद उभी राहिली. तिचे खांब देवळांचे आहेत. ते विकत आणलेले नाहीत. देवळे मोडूनच ते आले. 'हे राज्य आता आमचे' असे सांगण्याची ती रीत होती. पराभूत राजाच्या देवळात त्याची सत्ता मुरलेली असे, म्हणून घाव तिथे पडे. असे घाव घालणाऱ्यांची श्रद्धाही त्या घावामागे होती, हेही नाकारण्यात अर्थ नाही. आणि ज्याच्या गावचे देऊळ मोडले, त्याला राजनीतीचे हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही, हेही तितकेच खरे.

पण गोष्ट तिथेच थांबत नाही. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने देवगिरीचे दौलताबाद केले, दिल्लीची माणसे दक्षिणेत आणली. त्यांच्याबरोबर सुफीही आले. त्यांतले बुऱ्हानुद्दिन गरीब १३३७ मध्ये वारले; त्यांची कबर खुलताबादला आहे. खानदेशच्या फारुकी राजांनी त्यांच्या नावाने बुऱ्हानपूर वसवले. राजाला ब्राह्मणाची वंशावळ हवी होती, तसाच सुलतानाला पीराचा आशीर्वाद हवा होता. धर्म निराळा, गरज तीच! मग १३४७ मध्ये याच दौलताबादेत दक्षिणी अमिरांनी दिल्लीविरुद्ध बंड केले आणि बहमनी राज्य स्थापन झाले. दिल्लीचा मुसलमान निराळा आणि दख्खनचा निराळा, हा भेद तेव्हापासूनचा.

पलीकडे विजयनगरचे राजे स्वतःला 'हिंदुराय सुरत्राण' म्हणवून घेत. 'सुरत्राण' म्हणजे संस्कृतचा सदरा घातलेला 'सुलतान'. सुलतानाशी लढायचे, आणि पदवी मात्र त्याचीच मिरवायची! इकडे विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाचे दप्तर फारसीतून काढून देशी भाषेत आणले आणि ते ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिले. दुसरा इब्राहिम आदिलशहा १५८० मध्ये गादीवर आला. त्याच्या 'किताब-इ-नौरस'मधल्या गीतांत सरस्वती आणि गणपती यांचे स्तवन आहे. त्याच विजापूरकडल्या सुफींनी बायांनी जात्यावर म्हणायची 'चक्कीनामा' नावाची दखनी गीते रचली. आपल्या बाया जात्यावर ओव्या म्हणतात, हे त्यांनी ऐकलेच असणार. दौलताबादचे किल्लेदार जनार्दनस्वामी सुलतानाची चाकरी करीत आणि तिथेच एकनाथांना उपदेश करीत. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ ओवीबद्ध मराठीत लिहिला. संतांच्या मालिकेत ते आजही बसलेले आहेत.

आणि त्याच खुलताबादला, मलिक अंबरच्या मकबऱ्यापासून फार लांब नाही, अशा एका साध्या कबरीत १७०७ मध्ये औरंगजेब आला. १६७९ मध्ये जिझिया पुन्हा बसवणारा, पंचवीस वर्षे दख्खन होरपळवणारा. आयुष्यभर ज्याने त्याच्याशी झुंज दिली, तो मराठा शिपाई आपले हत्यार, आपला कारभार आणि आपली किल्लेबंदी पुष्कळशी निजामशाही-आदिलशाहीत शिकला होता. इतिहासाला अशी थट्टा करण्याची खोड आहे.

दारावरच्या पाट्या

हे सगळे झाले राजे-रजवाड्यांचे. तुम्हांआम्हांला काय त्याचे? म्हणून संध्याकाळी चाळीतून किंवा सोसायटीतून एक चक्कर मारा आणि दारांवरच्या पाट्या वाचा. फडणीस, चिटणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस. यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. पेशवे हे पक्के कर्मठ ब्राह्मण, पण 'पेशवा' हा शब्द फारसी. शिवाजीमहाराजांनी राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि सुमारे चौदाशे यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्यात पेशव्याचा 'पंतप्रधान' झाला. लोकांनी कोशाला नमस्कार केला आणि पेशव्याला पेशवाच म्हटले.

मात्र कोश वायाही गेला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तीन जुनी पत्रे घेऊन शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात फारसी शब्द २०२ आणि मराठी अवघे ३४. १६७७ च्या पत्रात फारसी ५१, मराठी ८४. १७२८ च्या पत्रात फारसी ८ आणि मराठी ११९. राज्य बदलले की भाषा कशी बदलते, याचे याहून चोख गणित मला ठाऊक नाही. आणि तरीही, जे शब्द लोकांच्या जिभेवर रुळले, ते कोणालाच काढता आले नाहीत. आज सकाळी तुम्ही 'बाजारा'तून 'मैदा' आणला, 'शंकरपाळे' केले, 'अत्तर' लावले आणि दारात 'आकाशकंदील' टांगला. 'आकाश' संस्कृत, 'कंदील' अरबी. दोघे एकाच दोरीला लटकले आहेत.

एक जुना कागद

हे सगळे मी टिपून काढले आणि जुलैमध्ये वर्गात वाचून दाखवले. दोघे जोडीदार अजून वेगवेगळ्या बाकांवर बसत होते. तास संपल्यावर मुलाणी माझ्या टेबलापाशी आली. पिशवीतून एक कागद काढला. मोडीतला होता. "सर, घरी पेटीत होता. आजोबा म्हणायचे जपून ठेव. कोणाला वाचता येत नाही."

मला मोडी थोडीफार येते. तो एका गावच्या हद्दीच्या तंट्याचा महजर होता. पूर्वी असा तंटा पडला की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याच्या कागदावर सगळे आपापली खूण करीत. 'महजर' हा शब्द अरबी, 'गोत' हा संस्कृत गोत्राचा मराठी अवतार. हाताला जे काम, तीच सही. पाटलाचा नांगर होता. त्याखाली कुळकर्ण्याचे अक्षर. न्हाव्याचा आरसा. मग एक छोटीशी सुरी होती. मी म्हटले, "ही तुमची. गावच्या मुलाण्याची. बलुतेदारांत तुमचे घर होते." ती त्या सुरीकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आम्ही इथलेच, असं लिहून आहे."

मी दोघा वीरांना हाक मारली. तिघेही कागदावर वाकले. 'नीस' कुळकर्ण्याच्या अक्षराचे वळण पाहत होता. दुसऱ्याने बोट फिरवत फिरवत अगदी तळाशी नेले. तिथे दोराची खूण होती, महाराची. हद्दीची साक्ष त्याची, कारण शीव त्याला ठाऊक.

"सर," तो म्हणाला, "दोर सगळ्यात खाली आहे."

"हो," मी म्हणालो. "खाली आहे."

या वेळी मी भाषण केले नाही. थोड्या वेळाने 'नीस'च म्हणाला, "पण साक्ष तर याचीच धरलीय ना? नाहीतर हद्द कोणाला कळणार होती?" तो मुलगा काही बोलला नाही, पण त्याने मान हलवली. मग त्या तिघांनी मिळून त्या कागदाची बाळबोध नक्कल करायचे ठरवले. दोन शब्दांवर अजून आमचे एकमत झालेले नाही.

वेरूळच्या डोंगराचा सातबारा कोणाच्या नावावर, याचे उत्तर मला सापडले असे म्हणणार नाही. एवढे कळले की त्याच्यावर नावे पुष्कळ आहेत. काही हौसेने घातलेली आहेत, काही खोडून घातलेली आहेत, काही तळाशी ढकललेली आहेत. एकही नाव नाहीसे करून तो कागद खरा राहत नाही.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिघेही फराळाला येणार आहेत. नक्कल घेऊन या, असे सांगितले आहे. सौभाग्यवतींनी मला बजावले आहे, "या वेळी आधी पोरांना खाऊ द्या, मग बोला."